बायांच्या आडोशाचा अर्ज

भाऊ गेले तेव्हा त्यांच्या दुखवट्याचा ठराव नगरपालिकेच्या वतीने मी लिहिला. त्यात कोणाला काही विशेष वाटलं नाही. आवक-जावक लिपिक मीच होते आणि असले मजकूर माझ्याच वाट्याला यायचे. पण नगरपालिकेला जेरीस आणणारे भाऊंचे अर्जसुद्धा दहा-अकरा वर्षं मीच लिहीत होते, ही गोष्ट गावात फक्त तिघांना ठाऊक होती. भाऊ, त्यांची बायको आणि मी. चौथ्या एका माणसालाही ती ठाऊक होती हे मला फार उशिरा कळलं.

आता सांगायला हरकत नाही. माझी नोकरी संपली, पेन्शन सुरू झाली, आणि जे माझ्यावर कारवाई करू शकले असते ते बहुतेक सगळे माझ्याआधी वर जाऊन बसले आहेत.

आमचं गाव भंडारा जिल्ह्यातलं, वैनगंगेच्या काठचं. अर्धं गाव धानाच्या बांध्यांत, अर्धं मागावर. नगरपालिका होती म्हणून त्याला शहर म्हणायचं, एवढंच. बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या वर्षी माझा नवरा काविळीने गेला. तो जकात नाक्यावर होता. त्याच्या जागी दया म्हणून मला कार्यालयात घेतलं, कारण मी मॅट्रिक होते आणि अक्षर बरं होतं. नोकरी हंगामी. दर सहा महिन्यांनी साहेबांनी, म्हणजे मुख्याधिकाऱ्यांनी, सही केली की पुढचे सहा महिने आपले. घरी दोन लेकरं, आणि त्या एका सहीवर सगळा संसार. कार्यालयात बाई मी एकटीच.

भाऊ विणकर होते. धोतरं आणि लुगडी विणायचे, आणि उरलेला वेळ गावाला द्यायचे. खरं तर गावाला दिलेल्या वेळातून उरलेला वेळ मागाला मिळायचा, असं त्यांची बायको म्हणायची. शाळा चौथीपर्यंत. गावात नाली तुंबली, नळाची तोटी चोरीला गेली, डुकरांनी कोणाच्या परसात धुमाकूळ घातला, की लोक नगरपालिकेत यायचे नाहीत, भाऊंकडे जायचे. भाऊ अर्ज लिहायचे. पुढारी नव्हते, निवडणुकीला कधी उभे राहिले नाहीत. कोणी आग्रह केला तर म्हणायचे की आत जाऊन बसलो तर अर्ज कोणाला देऊ.

माझी त्यांची ओळख खिडकीवर झाली. नवीनच लागले होते. एक कागद आत आला, त्यावर शाईने काहीतरी सांडलं होतं असं मला वाटलं. तो अर्ज होता. विषय कळायला मला पंधरा मिनिटं लागली, मागणी कळायला आणखी पंधरा. बाहेर भाऊ शांतपणे उभे, मागे रांग. शेवटी मी हात जोडले आणि म्हटलं की भाऊ, पुढच्या वेळी सांगा, मी लिहून देते. यात समाजसेवा वगैरे काही नव्हती. माझे डोळे वाचवायचे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता त्यांनी मुलगी पाठवून मला बोलावून घेतलं. घर कार्यालयाच्या वाटेवरच होतं. ते मागावर बसलेले. आमच्याकडचे माग खड्ड्यातले असतात, विणणारा कमरेपर्यंत जमिनीत आणि पाय खाली पावड्यांवर, म्हणजे पायाने दाबायच्या पट्ट्यांवर. त्यामुळे भाऊंशी बोलायचं तर समोरच्याला खालीच बसावं लागे. एकदा एक ओव्हरसियर साहेब नालीच्या उताराबद्दल जाब विचारायला तावातावाने आले, उभ्यानेच बोलायला लागले, आणि भाऊंच्या डोक्याशी बोलता बोलता मान अवघडून पाचव्या मिनिटाला पाटावर बसले. बसल्यावर आवाज उतरला. चहा पिऊन गेले.

तर मी पाटावर, भाऊ खड्ड्यात, आणि धोटा इकडून तिकडे धावतोय, अशा थाटात आमचा कारभार चालायचा. एका ओळीवर दोन हात कापड विणून व्हायचं, कारण भाऊ विचार करून बोलत. मधेच धागा तुटला की गाठ मारेपर्यंत वाक्य अडकून राही. सहीचं काम मात्र मोठं. धोतराचा काठ जितक्या मन लावून विणत, तितक्याच मन लावून ते स्वतःचं नाव लिहीत, जीभ किंचित बाहेर काढून.

मग मी दहाला कार्यालयात. साडेदहाला भाऊ खिडकीवर. आम्ही एकमेकांना ओळखत नसू. मी कोऱ्या चेहऱ्याने अर्ज घ्यायची, शिक्का मारायची, आवक क्रमांक टाकायची. दोन-चार दिवसांत बडेबाबूंचा शेरा पडून तोच अर्ज उत्तरासाठी माझ्याच टेबलावर यायचा. बडेबाबू म्हणजे आमचे मुख्य लिपिक, जाड भिंगाचा चष्मा, बोलणं मोजकं. आणि मी उत्तर लिहायची: आपला अर्ज विचाराधीन आहे. निधीअभावी सध्या शक्य नाही. सदर बाब नगरपालिकेच्या अखत्यारीत येत नाही. दोन्हीकडचं अक्षर सारखं दिसू नये म्हणून भाऊंचे अर्ज मी गोल गोल काढायची आणि उत्तरं तिरपी.

उत्तर पोचलं की दुसऱ्या सकाळी भाऊ ते मलाच वाचायला लावत. डोळे मिटून ऐकत आणि मान डोलावत. म्हणत, "हे नगरपालिकेनं लय मस्त लिवलं, बाई. माणूस हुशार दिसते." आणि लगेच त्या उत्तराला उत्तर सांगायला लागत. असं मी स्वतःशीच भांडत होते, आणि दोन्ही बाजूंनी हरत होते, कारण काम काही होत नव्हतं आणि कागद वाढत होते.

काम होतच नव्हतं असंही नाही म्हणता येणार. मोहल्ल्यातला नळ आला, कोंडवाड्याला छप्पर आलं, डासांची फवारणी वेळेवर व्हायला लागली. अर्जाने नाही भागलं तर भाऊ उपोषणाला बसत. त्यांचं उपोषण दहा ते पाच असे. नऊला पोटभर पोहे आणि चण्याचा रस्सा खाऊन नगरपालिकेच्या पायरीवर यायचे आणि कार्यालय बंद झालं की घरी जेवायला. कोणीतरी टोकलं तेव्हा म्हणाले की साहेब घरी गेल्यावर उपाशी राहून दाखवायचं कोणाला, कुत्र्यांना? उपोषणाचा इशारा देणारं पत्र अर्थात मीच लिहिलेलं असायचं. एकदा मी त्यात "आमरण" लिहिलं तर त्यांनी ते खोडायला लावलं. म्हणाले की असं खोटं लिहू नये.

एकदा मात्र या दुहेरी कारभारात माझा पाय घसरला. कोपऱ्यावरच्या खांबाला दिवा नव्हता, त्याचा अर्ज लिहिला. भाऊंचा ताणा गुंतला होता, सोडवायला वेळ लागत होता, म्हणून मी विचार केला की कार्यालयात दिवसभर गर्दी असते, उत्तरही इथेच लिहून टाकू. तसंही काय लिहायचं ते ठरलेलंच. लिहिलं. कार्यालयात गेल्यावर उत्तर जावकमध्ये चढवलं, चपराशाच्या हाती पाठवलं, आणि भाऊंचा अर्ज माझ्याच पिशवीत राहिला. त्या दिवशी भाऊही खिडकीवर आले नाहीत. अर्ज आवकमध्ये चढला दुसऱ्या दिवशी. म्हणजे नगरपालिकेने जो अर्ज मंगळवारी नामंजूर केला, तो तिच्याकडे बुधवारी आला.

शनिवारी बडेबाबू दोन्ही रजिस्टरं पुढे घेऊन बसले आणि मला बोलावलं. बोट एका ओळीवर, दुसरं बोट दुसऱ्या ओळीवर. माझ्या सहा महिन्यांच्या ऑर्डरचे वीसच दिवस उरले होते, आणि लेकरांच्या शाळेचे दिवस होते.

तेवढ्यात बाहेर गलका झाला. भाऊ आले होते, बरोबर मोहल्ल्यातली पंधरा-वीस माणसं, हातात नारळ आणि स्वतः विणलेलं उपरणं. त्यांना चपराशाने दिलेल्या कागदावरची तारीख खटकली होती आणि माझी फजिती होणार हे त्यांनी ओळखलं होतं. ते थेट साहेबांच्या खोलीत गेले. साहेब नव्यानेच बदलून आलेले, पुण्याकडचे. भाऊंनी त्यांच्या गळ्यात उपरणं घातलं, नारळ दिला, आणि सगळ्यांसमोर सांगितलं की आपण आजवर नगरपालिकेची खूप निंदा केली, पण अर्ज हातात पडायच्या आधीच जी नगरपालिका त्याचा विचार करते, तिचा सत्कार करावाच लागेल. साहेबांना निम्मं कळलं नाही आणि उरलेलं आवडलं. त्यांनी लगेच दिवा लावायला सांगितलं.

गर्दी गेल्यावर बडेबाबूंनी रजिस्टरं मिटली. एवढंच म्हणाले की बाई, आधी आवक, मग जावक, हा क्रम ध्यानात असू द्या. मला वाटलं त्यांनी ती घाईतली चूक समजून सोडून दिली. मी मूर्ख होते. गोल काय आणि तिरपं काय, अक्षर त्यांनी पहिल्याच महिन्यात ओळखलं होतं.

आता पाण्याचं सांगायला हवं. आमच्याकडे दारात आलेल्याला आधी पाणी, मग बोलणं. भाऊंची बायको, मी त्यांना वहिनी म्हणायची, रोज सकाळी घासलेला पितळी लोटा आणून माझ्यापुढे ठेवायच्या, आणि मी रोज म्हणायची की नको, आत्ताच पिऊन आले. पहिल्या वर्षी त्यांनी आग्रह केला. दुसऱ्या वर्षी आग्रह थांबला. तिसऱ्या वर्षी लोटा यायचा, पण जरा जोरात ठेवला जायचा. माझी जात त्यांच्याहून वेगळी. त्यांनी त्यांच्या परीने हिशेब लावला होता की या बाईला आमच्या घरचं पाणी चालत नाही, पण आमचा रीतिरिवाज आम्ही सोडणार नाही.

मला हे कळत होतं आणि खरं कारण सांगता येत नव्हतं. कार्यालयात पुरुषांना मागची अख्खी भिंत होती. मला काही नव्हतं. घर मैलभर लांब. म्हणून मी सकाळी सहाला एक भांडं पाणी प्यायची आणि त्यानंतर संध्याकाळी साडेपाचला, घराचं दार उघडून, आत जाऊन आल्यावर. आमच्याकडचा मे महिना ज्याने पाहिला आहे त्याला हे काय असतं ते सांगायला नको. हे मी कोणाजवळ बोलले नव्हते, आणि परपुरुषाला, त्यातही अर्ज करणाऱ्या परपुरुषाला, सांगायचा तर प्रश्नच नव्हता.

मग एका रविवारी काही तातडीचं निघालं म्हणून भाऊंनी मला बोलावलं. वहिनींनी सवयीने लोटा ठेवला आणि मी सवय विसरून तो रिकामा केला. दुसरा मागितला. वहिनी माझ्याकडे बघतच राहिल्या. सोमवारी लोटा आला आणि मी नको म्हटलं. भाऊंनी धोटा थांबवला, माझ्याकडे पाहिलं, मग बायकोला म्हणाले की राहू दे, बाई सुटीच्या दिवशी पितात. आणि पुन्हा विणायला लागले. त्या दिवसापासून वहिनींचा लोटा शांतपणे ठेवला जायला लागला, तोही फक्त रविवारी. मला वाटलं, सुटले.

आडोशाचा अर्ज त्याच सुमाराला सुरू झाला. बुधवारचा बाजार तळ्याच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, भरायचा. नदीपलीकडून बाया पहाटे निघायच्या, डोक्यावर लाखोळीची डाळ, शिंगाडे, सुके झिंगे घेऊन, आणि दिवस कलेपर्यंत उन्हात बसायच्या. तळ्याच्या कडेला बेशरमची दाट झाडं माजली होती, त्यांच्यामागे त्यांची सोय व्हायची. नगरपालिकेने गाव सुंदर करायचं मनावर घेतलं आणि ती सगळी झाडं कापून टाकली. तळं छान दिसायला लागलं. पुढच्या बुधवारी बाजारात बाया कमी आणि ज्या आल्या त्या दुपारीच उठल्या, माल तसाच परत घेऊन.

भाऊंनी ते पाहिलं. पण मला अर्ज सांगताना त्यांची पंचाईत झाली. शौचालय हा शब्द माझ्यासमोर त्यांच्या तोंडून निघेना. नजर मागाच्या फणीवर ठेवून "बायांसाठी थे" म्हणाले, मग "एक आडची जागा", मग शेवटी "आडोसा". मीही लाजून तेच लिहिलं. विषय: बाजाराच्या जागी बायांकरिता आडोसा बांधून मिळणेबाबत. साहेबांना वाटलं ऊन लागतं म्हणून बाया मांडव मागतायत. तेव्हा दुसऱ्या अर्जात मला नीट शब्द घालावा लागला, आणि तो भाऊंना वाचून दाखवताना मी गाळला.

उत्तर आलं, जागेअभावी शक्य नाही. म्हणजे मीच लिहिलं. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज, पुन्हा जागेअभावी. असं पाच वर्षं. बाकी उत्तरं लिहिताना मला मजा यायची, हे लिहिताना यायची नाही. घसा कोरडा, पोटात कळ, घड्याळात साडेतीन, आणि मी तिरप्या अक्षरात लिहितेय की बायांसाठी जागा नाही.

भाऊ गेले त्या वर्षीचा अर्ज त्यांनी मला एका बुधवारी सकाळी सांगितला. नेहमीचं सगळं झालं. मग धोटा थांबवून ते म्हणाले की आणखी एक ओळ घाला. नगरपालिकेच्या कार्यालयातही काम करणाऱ्या बाईसाठी अशी सोय नाही, तीही करावी.

माझी लेखणी थांबली. मी म्हटलं की ही ओळ मी लिहिणार नाही.

"काहून?"

मी सांगितलं की कार्यालयात बाई एकच आहे, हे वाचल्यावर अर्ज कोणी लिहिला ते शेंबडं पोरही सांगेल, आणि पुढच्या महिन्यात माझी ऑर्डर संपतेय.

भाऊ म्हणाले, "बाई, तुमी सोमवारपासून शनिवारपर्यंत पानी पेत नाही. पाच वर्सं झाले, मी पाहून राहिलो."

मला इतकी लाज वाटली की तिचा रागच झाला. मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण शेवटचं आठवतं. मी म्हटलं, "गावाच्या नाल्या संपल्या का भाऊ, आता माझ्या पाण्यात नाक घालताय?" आणि अर्ज तसाच, सहीशिवाय, पिशवीत कोंबून उठले. खड्ड्यात बसलेला माणूस उठून मागे येऊ शकत नाही, निदान लगेच नाही. मी दारातून बाहेर पडले तरी माग सुरू झाल्याचा आवाज आला नव्हता.

गुरुवारी मी मुद्दाम दुसऱ्या रस्त्याने कार्यालयात गेले, शुक्रवारीही. शुक्रवारी दुपारी त्यांच्या छातीत कळ आली आणि चहा मागितला तो येईपर्यंत ते गेले.

गाव बंद झालं. भाऊ ज्यांच्याशी आयुष्यभर भांडले तेही खांदा द्यायला आले, आणि काहींनी तर दोनदा दिला. शोकसभा बाजाराच्या मैदानावर झाली, नाटकाच्या मंडळाकडून खुर्च्या आणल्या होत्या. भाऊंना येडा म्हणणारे पाचजण बोलले आणि पाचहीजण त्यांचे उजवे हात निघाले. ठराव माझ्याकडे आला. नगराध्यक्षांनी सांगितलं की चांगलं मनातून लिहा बाई. मी लिहिलं. त्यात त्यांनी एक ओळ स्वतः सांगून घातली की भाऊंच्या सूचनांचा नगरपालिकेने सदैव आदर केला. मी तीही लिहिली, तिरप्या अक्षरात. माझ्या हाताला दोन्ही बाजूंची इतकी सवय झाली होती की तो अडलासुद्धा नाही. मग घरी जाऊन मात्र मी स्वतःवर थुंकावं इतकी चिडले.

तो अर्ज पिशवीतच होता. मेलेल्या माणसाचा अर्ज घेता येत नाही, हा नियम मलाच सगळ्यांत चांगला ठाऊक होता. सोमवारी सकाळी मी तो पुन्हा लिहून काढला. भाऊंनी सांगितलेली ओळ घातली. त्यांच्या नावाच्या जागी माझं नाव आलं, खाली हुद्दा, आणि सही. माझं अक्षर खरं कसं आहे ते मला आठवेना, म्हणून ते थोडं गोल आणि थोडं तिरपं आलं. कार्यालयात गेले, स्वतःच खिडकीतून स्वतःकडून घेतला, शिक्का मारला, क्रमांक टाकला, आणि बडेबाबूंपुढे ठेवला.

त्यांनी चष्मा काढून वाचला. म्हणाले की आतापर्यंत चाललं होतं तसं कोणाच्या तरी नावाने द्यायचा होता, मी काही बोललो असतो का? तेव्हा मला कळलं की चौथा माणूस तो. मग त्यांनी ऑर्डरची तारीख आठवण करून दिली. मी म्हटलं की माहीत आहे.

साहेबांनी बोलावलं. आपलीच कर्मचारी आपल्याच विरुद्ध अर्ज करते, हे त्यांच्या नोकरीत पहिल्यांदा होत होतं. त्यांनी विचारलं की तुम्हाला नेमका त्रास काय आहे. माझ्या तोंडून एकदम निघालं की साहेब, मी अकरा वर्षं इथं दिवसभर पाणी न पिता काम करते. साहेबांना खरंच वाईट वाटलं. त्यांनी घंटी वाजवली आणि चपराशाला सांगितलं की बाईंना आधी ग्लासभर पाणी द्या, आणि उद्यापासून यांच्या टेबलावर एक माठ ठेवा.

पाणी आलं. मी त्या ग्लासाकडे बघत उभी, साहेब माझ्याकडे बघत बसलेले, आणि अर्ज पुढ्यात उघडा. शेवटी बडेबाबू वाकून त्यांच्या कानात काहीतरी पुटपुटले. साहेबांचे कान लाल झाले. त्यांनी अर्ज पुन्हा वाचला, या वेळी शेवटपर्यंत, आणि त्यावर लिहिलं की जागा पाहून अहवाल द्यावा. जागेअभावी, हा शब्द त्या दिवशी कोणी उच्चारला नाही.

पुढचं थोडक्यात. माझी ऑर्डर वेळेवर निघाली नाही. महिनाभर घरी बसले आणि त्या महिन्यात जी भीती खाल्ली ती अजून पचलेली नाही. मग निघाली. कार्यालयामागे फवारणीची पिंपं ठेवायची खोली होती, ती रिकामी करून वर्षभरात माझी सोय झाली. बाजारातल्या बायांना आणखी तीन वर्षं लागली, आणि त्यासाठी त्यांचे अंगठे घेत मी दर बुधवारी पाळीखाली फिरले, कार्यालय सुटल्यावर, राजरोस. कोणी विचारलं तर सांगायची की भाऊंचं काम आहे.

पण मला सांगायचं आहे ते तेरवीचं. पंगती उठल्या, बाया भांडी घासत होत्या. माग झाकून ठेवला होता. मी वहिनींजवळ बसले आणि बुधवारी मी काय बोलून गेले ते त्यांना सांगितलं. सांगायला लागणार होतंच, दुसऱ्या कोणाला सांगू? शेवटचं बोलणं ते झालं, आणि ते आता परत घेता येत नाही, असं म्हणून मी तोंडाला पदर लावला.

वहिनी म्हणाल्या की ते त्यांनी ऐकलं होतं, चुलीपाशीच तर होत्या. मग एकदम कपाळावर हात मारून म्हणाल्या की एक निरोप होता, या गडबडीत राहूनच गेला. भाऊंनी त्या दिवशी दुपारपर्यंत माग चालवला नाही. जेवायला उठले तेव्हा बायकोला म्हणाले, "बाईले सांगजो, थे ओळ राहू दे म्हना. बायांचा आडोसा मांगा. बाईच्या पोटावर पाय नाही द्याचा." गुरुवारी माझी वाट पाहिली. शुक्रवारी सकाळीही पाहिली.

अर्जात घातलेला शब्द भाऊंनी कधी मागे घेतला नव्हता. बैलबाजारातल्या खुंट्यांसाठी ते चार वर्षं एकाच वाक्यावर अडून बसले होते, मी विनवण्या करूनही त्यातला एक शब्द त्यांनी बदलू दिला नव्हता. आणि माझ्या ऑर्डरवरच्या एका सहीसाठी त्यांनी अख्खी ओळ काढली होती.

मी म्हटलं, "वहिनी, उशीर झाला. ती ओळ मी लिहिली. माझ्या नावानं दाखल केली."

वहिनींनी झाकलेल्या मागाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "बरं झालं, तुमाले आधी सांगाची मले याद नाही आली."

आणि तेरा दिवसांत पहिल्यांदाच त्या हसल्या. मी मात्र रडत होते.